दोन तासांचा प्रकाश: मृगातल्या तेजोमेघाचा फोटो कसा तयार होतो

आमच्या बैठकीच्या खोलीत मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा एक फोटो लावलेला आहे. घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण तो पाहून विचारतो, "हे खरंच असं दिसतं का हो?" प्रश्न साधा आहे, पण त्याचं प्रामाणिक उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढ्यावर आटपत नाही. फोटो कसा तयार झाला हे कळल्याशिवाय त्यात खरं किती हे सांगताच येत नाही. म्हणून ती सगळी हकीकत इथे सांगतो.

मृग ओळखायला अगदी सोपं नक्षत्र. डिसेंबर-जानेवारीत रात्री नऊ-दहाला ते चांगलं वर आलेलं असतं. चार कोपऱ्यांतले चार तारे म्हणजे हरणाचे पाय आणि पोटात ओळीने रुतलेले तीन तारे म्हणजे व्याधाने मारलेला बाण. या बाणाच्या दक्षिणेला आणखी तीन मंद तारे एका रेषेत दिसतात. त्यांतला मधला जरा धुरकट वाटतो. तो तारा नाहीच, तोच आपला तेजोमेघ. मेसिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने केलेल्या यादीत त्याचा क्रमांक ४२, म्हणून आकाशप्रेमी मंडळी त्याला 'एम ४२' म्हणतात. तो सुमारे १,३५० प्रकाशवर्षं दूर आहे. म्हणजे आज आपल्या कॅमेऱ्यात शिरणारा त्याचा प्रकाश निघाला तेव्हा महाराष्ट्रावर बदामीच्या चालुक्यांची सत्ता होती.

हा मुख्यतः हायड्रोजनचा ढग आहे, साधारण २४ प्रकाशवर्षं रुंद. त्याच्या गाभ्यात 'ट्रॅपेझियम' नावाचा तरुण, अतितप्त ताऱ्यांचा झुबका आहे. त्या ताऱ्यांमधून, आणि त्यातही एका सर्वांत तप्त ताऱ्यामधून, अतिनील किरणांचा मारा चालू असतो. तो इतका जोरकस असतो की हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन सुटून जातो. सुटलेला इलेक्ट्रॉन पुन्हा एखाद्या अणूत अडकतो आणि जिना उतरावा तसा टप्प्याटप्प्याने खालच्या पातळ्यांवर येतो. तिसऱ्या पातळीवरून दुसरीवर येताना तो ठरावीक तरंगलांबीचा लाल प्रकाश सोडतो: ६५६.३ नॅनोमीटर. या लाल रेषेला 'हायड्रोजन-अल्फा' म्हणतात. ढगात ऑक्सिजनही आहे. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन ५००.७ नॅनोमीटरला हिरवट-निळा प्रकाश देतो. फोटोतला गुलाबी-लाल आणि मोरपिशी रंग प्रामुख्याने या दोन रेषांमुळे येतो.

मग दुर्बिणीला डोळा लावला की हा लाल रंग का दिसत नाही? तिथे दिसतो तो राखाडी, फार तर किंचित हिरवट धूर. याचं कारण आपल्या डोळ्यात आहे. रंग ओळखणाऱ्या शंकूपेशींना भरपूर उजेड लागतो. अंधारात काम करतात त्या दंडपेशी. त्यांना रंग कळत नाही, आणि त्यांची संवेदनशीलता ५०० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते, तर ६५६ नॅनोमीटरला त्या जवळजवळ आंधळ्या असतात. शिवाय डोळा प्रकाश साठवत नाही. क्षणभरात जेवढा आला तेवढा मेंदूकडे पाठवतो आणि पुन्हा कोरा होतो. कॅमेरा मात्र मिनिटभर, तासभर प्रकाश गोळा करत बसू शकतो. या साठवण्यावरच पुढचं सगळं उभं आहे.

इथे पुण्याच्या एका माणसाची आठवण काढायलाच हवी. कावसजी दादाभाई नायगामवाला हे कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेत प्राध्यापक होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी तिथे वेधशाळा उभारली. तिच्यासाठी ग्रब कंपनीची २० इंची परावर्ती दुर्बीण आणली. याच मृगातल्या तेजोमेघाचा वर्णपट त्यांनी तपासला आणि त्यातल्या सर्वांत ठळक रेषेवरचा निबंध १८९१ मध्ये इंग्लंडच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. ती रेषा कोणत्या मूलद्रव्याची, हे तेव्हा जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. एखादं अज्ञात मूलद्रव्य असावं, असं मानलं जात होतं; पुढे त्याला 'नेब्युलियम' हे नावही मिळालं. तो ऑक्सिजनच आहे हे आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये दाखवलं. आज पुण्यातला एखादा हौशी निरीक्षक गच्चीवर ऑक्सिजनचा फिल्टर लावून बसतो, तेव्हा तो नायगामवालांनी याच गावातून न्याहाळलेली रेषाच टिपत असतो. ही गोष्ट आपल्या शाळांमधून सांगितली जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पहिला फोटो त्याहून थोडा जुना. न्यूयॉर्कजवळ राहणाऱ्या हेन्री ड्रेपर या डॉक्टरने ३० सप्टेंबर १८८० रोजी ११ इंची दुर्बिणीला छायाचित्रणाची काच (तेव्हाची फिल्म) जोडून जवळपास ५० मिनिटं प्रकाश गोळा केला. तेजोमेघाचं ते जगातलं पहिलं छायाचित्र. तीनच वर्षांनी इंग्लंडमध्ये अँड्र्यू कॉमन यांनी ३६ इंची आरशाने याच ढगाचा फोटो घेतला, आणि त्यात डोळ्यांना दुर्बिणीतूनही न दिसणारे तारे उमटले. ड्रेपर १८८२ मध्ये गेले. त्यांच्या पत्नीने दिलेल्या पैशातून हार्वर्डमध्ये छायाचित्रांचं मोठं काम सुरू झालं. तिथेच विल्यमिना फ्लेमिंग यांना १८८८ च्या एका काचेवर याच परिसरात एक काळी खाच सापडली. आज तिला आपण 'घोड्याचं डोकं' म्हणतो. मागच्या लाल प्रकाशासमोर उभा राहिलेला तो धुळीचा काळा ढग आहे. तो आधी फोटोत दिसला, मग लोक दुर्बिणीतून शोधायला लागले.

अडचण आकाराची नाही, मंदपणाची

"मोठी दुर्बीण लागत असेल ना?" हा पाहुण्यांचा दुसरा प्रश्न. तर नाही. एम ४२ आकाशात एक अंशाहून मोठा पसरलेला आहे, पौर्णिमेच्या चंद्राच्या दुप्पट रुंद. माझा फोटो साध्या डीएसएलआर कॅमेऱ्याने आणि २०० मिलिमीटरच्या लेन्सने काढलेला आहे. एवढ्या लेन्समध्ये बाणाचे तारे, घोड्याचं डोकं आणि एम ४२ असं सगळं एका चौकटीत बसतं. वस्तू मोठीच आहे, फक्त अत्यंत मंद आहे. त्यामुळे मोठं करून दाखवणारं भिंग इथे फारसं उपयोगाचं नाही. गरज आहे ती भरपूर वेळ प्रकाश गोळा करण्याची.

पण वेळ द्यायचा म्हटलं की पृथ्वी आड येते. ती फिरते, म्हणून मृगाजवळचं आकाश दर सेकंदाला १५ विकला सरकतं (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). माझ्या लेन्स-कॅमेऱ्याच्या जोडीत एक पिक्सेल साधारण चार विकलांचा आहे. म्हणजे कॅमेरा नुसता ट्रायपॉडवर ठेवला तर एका सेकंदात तारा चार पिक्सेल सरकून रेघ होतो. त्यामुळे ट्रॅकर लागतो. ट्रायपॉड आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारं, हातात मावेल एवढं मोटर लावलेलं यंत्र. पृथ्वी जेवढी फिरते तेवढंच ते उलट फिरतं आणि आकाश कॅमेऱ्यासाठी स्थिर होतं.

ट्रॅकरचा अक्ष आकाशाच्या उत्तर ध्रुवाकडे रोखावा लागतो. ध्रुवतारा त्या बिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा अधिक बाजूला आहे, त्यामुळे ट्रॅकरमधल्या छोट्या दुर्बिणीत त्याला ठरल्या जागी बसवायचं असतं. आपल्याकडची खरी अडचण वेगळीच आहे. ध्रुवतारा जितका अक्षांश तितकाच वर दिसतो. पुण्यात साडेअठरा अंश, नागपुरात एकवीस. युरोपात तो निम्म्या आकाशावर असतो, आपल्याकडे मात्र डोंगराच्या कडेला, धुरकटात, झाडांमागे. जागा निवडताना मी आधी उत्तरेकडची बाजू मोकळी आहे का ते पाहतो, मग बाकीचं.

याच अक्षांशाने आपल्याला बरंच काही दिलंही आहे. धनू राशीतला लगून तेजोमेघ आपल्या आकाशात ४७ अंशांपर्यंत वर येतो, लंडनकरांना तो क्षितिजाजवळच भेटतो. नौका तारकासमूहातला अवाढव्य करीना तेजोमेघ त्यांना कधीच दिसत नाही, आपल्याला दक्षिण क्षितिजावर दहा-बारा अंश वर दिसतो, गोव्यातून थोडा अधिक. फक्त धनूचा खरा हंगाम जून-जुलैचा, आणि तेव्हा आपल्याकडे आभाळ भरलेलं. म्हणून एप्रिल-मेमध्ये पहाटे तीनला उठायचं, वळवाचे ढग येण्याआधी.

वाटी आणि थेंब

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. हा समजला की बाकीचं आपोआप समजतं.

पावसाचे पहिले टपोरे थेंब पडायला लागले की अंगणात दोन सारख्या वाट्या शेजारी-शेजारी ठेवा. मिनिटभराने एकीत नऊ थेंब असतील, दुसरीत तेरा. पाऊस तोच, वाट्या त्याच, तरी आकडे वेगळे. पाऊस वाढून त्यांत दहा-दहा हजार थेंब पडले, तर फरक शेकड्याच्या आसपास असेल, म्हणजे फक्त एक टक्का. थेंब जितके जास्त, तितका हा डळमळाट प्रमाणाने कमी. नेमका नियम वर्गमुळाचा आहे: शंभर थेंबांना दहाचा डळमळाट, दहा हजारांना शंभराचा.

प्रकाशही असाच थेंबाथेंबाने येतो. त्या थेंबाला फोटॉन म्हणतात, आणि कॅमेऱ्याचा एकेक पिक्सेल म्हणजे एकेक वाटी. फोटोत जो खरखरीतपणा, रवाळपणा दिसतो त्याचं मूळ या डळमळाटात आहे.

समजा, शहरातून मिनिटभराचा फोटो घेतला. तेजोमेघाच्या एका मंद कडेवरच्या पिक्सेलमध्ये ढगाचे ५ फोटॉन पडले आणि दिव्यांनी उजळलेल्या आकाशाचे १००. पुष्कळांना वाटतं, आकाशाचे १०० वजा केले की ५ उरतील. सरासरीने उरतीलही. पण १०५ चा डळमळाट १० चा आहे, त्याखाली ५ बुडून जातात. आकाशाचा उजेड वजा करता येतो, त्याचा डळमळाट वजा करता येत नाही. आता असे १२० फोटो एकत्र करा. ढगाचे ६०० झाले, एकूण १२,६०० आणि त्यांचा डळमळाट ११२. ढग आता डळमळाटाच्या पाचपटीहून वर आला, म्हणजे दिसायला लागला. हेच १२० फोटो अंधाऱ्या गावातून घेतले आणि आकाशाचे १०० ऐवजी ५ च असले, तर ६०० समोर डळमळाट फक्त ३५ चा. ढग सतरापट वर! तेवढंच स्वच्छ चित्र शहरातून हवं असेल तर दोन तासांऐवजी एकवीस तास लागतील.

मी दर हिवाळ्यात अमावस्येच्या आगेमागे पुण्याजवळच्या वेल्ह्याकडच्या माळावर का जातो, ते या आकड्यांत आहे. लेन्स, कॅमेरा, सॉफ्टवेअर यांवर कितीही खर्च केला तरी एवढा फरक पडत नाही. महाराष्ट्रात पेंचच्या व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. असा अंधार जपण्याची गोष्ट आहे, नद्या-जंगलांइतकीच. शहरातच राहणं भाग असेल तर फक्त हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेषा आत सोडणारा अरुंद पट्ट्याचा फिल्टर मोठी मदत करतो. मात्र ताऱ्यांचा प्रकाश परावर्तित करणाऱ्या निळ्या ढगांना त्याचा उपयोग नाही, कारण त्यांचा प्रकाश सगळ्या तरंगलांब्यांत विखुरलेला असतो.

मग एकच दोन तासांचा फोटो का नाही? कारण गाभा पांढराफटक होईल, ट्रॅकर कुठे ना कुठे चुकेल, आणि एखादं विमान किंवा उपग्रह मधून गेला तर सगळंच वाया. मिनिटा-मिनिटाचे तुकडे असले की एका तुकड्यातली विमानाची रेघ उरलेल्या ११९ तुकड्यांच्या तुलनेत उघडी पडते आणि सॉफ्टवेअर नेमकी तीच काढून टाकतं.

माळावर मी असं करतो: आयएसओ (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) ८००, लेन्सचं छिद्र एफ/४, एक मिनिटाचे १२० फोटो, रॉ फाइलमध्येच, म्हणजे सेन्सरची नोंद कॅमेऱ्याने संस्कार न करता जशीच्या तशी. गाभ्यासाठी पाच-पाच सेकंदांचे वीस वेगळे, कारण ट्रॅपेझियमचा भाग कडेपेक्षा प्रचंड तेजस्वी आहे आणि मिनिटभरात पुरता जळतो. फोकससाठी लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबायचं नाही. व्याधाचा तारा स्क्रीनवर दहापट मोठा करून तो बारीकात बारीक ठिपका होईपर्यंत हळूहळू फिरवायचं. संध्याकाळी २५ अंश असलेलं तापमान पहाटे १२ वर येतं आणि लेन्स आक्रसून फोकस हलतो, म्हणून दर तासाला पुन्हा तपासायचं. दर काही फोटोंनी कॅमेरा मुद्दाम चार-दोन पिक्सेल सरकवायचा, म्हणजे सेन्सरचे दोष एकाच जागी साचत नाहीत. आणि दव! मध्यरात्रीनंतर लेन्सवर नकळत दव साचतं. गरम होणारी पट्टी लेन्सभोवती गुंडाळायला मी एका रात्री विसरलो होतो, आणि सत्तर फोटो धुक्यात गेले.

जे ढगाचं नाही ते काढून टाकणं

घरी आल्यावर काम सुरू होतं ते वजाबाकीचं. सेन्सर स्वतःच्या उष्णतेने काही खोटे थेंब वाटीत टाकत असतो, आणि तापमान सहाएक अंशांनी वाढलं की ते साधारण दुप्पट होतात. मे महिन्यात हा त्रास चांगलाच जाणवतो. त्यावर उपाय म्हणजे त्याच रात्री, त्याच तापमानाला, लेन्सला झाकण लावून मिनिटभराचेच वीस-तीस फोटो घ्यायचे. त्यांना 'डार्क' म्हणतात. त्यात फक्त सेन्सरची करणी असते, ती वजा करायची. लेन्सच्या कडा मधल्या भागापेक्षा काळोख्या असतात, सेन्सरवर धूळ बसलेली असते. त्यासाठी लेन्सवर पांढरा धुतलेला टी-शर्ट ताणून पहाटेच्या समान उजेडात फोटो घ्यायचे, हे 'फ्लॅट'. चित्राला त्यांनी भागायचं. फ्लॅट घेताना फोकस अजिबात हलवायचा नाही, नाहीतर धुळीचे डाग चुकीच्या जागी पुसले जातात.

मग तारे जुळवून सगळे फोटो एकावर एक ठेवायचे, म्हणजे स्टॅकिंग. यासाठी 'डीपस्कायस्टॅकर' आणि 'सिरिल' ही दोन्ही फुकट मिळतात आणि सुरुवातीला पुरेशी आहेत. 'पिक्सइनसाइट' विकत घ्यावं लागतं. माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं त्याच्या वाटेला जाऊ नका.

स्टॅक झालेलं चित्र पहिल्यांदा उघडलं की नवखा माणूस हादरतो, कारण ते जवळजवळ काळं दिसतं. काही चुकलेलं नसतं. कॅमेऱ्याच्या १४ बिटांत उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असतात आणि तेजोमेघ तळाच्या मोजक्या पायऱ्यांत दडलेला असतो. स्क्रीनवर त्या पायऱ्या वेगळ्या दिसत नाहीत. म्हणून खालच्या पायऱ्यांमधलं अंतर वाढवायचं आणि वरच्यांमधलं आवळायचं. याला 'स्ट्रेच' म्हणतात. यात नवीन काहीही भरलं जात नाही. कोण कोणापेक्षा उजळ हा क्रम तोच राहतो, फक्त तो डोळ्याला दिसेल असा मांडला जातो.

स्ट्रेचच्या आधी दोन कामं उरकायची. एक, आकाशाचा उतार काढणं. वेल्ह्याहून पुण्याच्या दिशेचा कोपरा नेहमी नारिंगी असतो. सॉफ्टवेअर तो उतार ओळखून वजा करतं. इथे फार जपून. मृगाचा अख्खा परिसर मंद धुळीने भरलेला आहे, आणि सॉफ्टवेअरला ती धूळही उतारच वाटते. नमुन्याचे ठिपके खरोखर रिकाम्या आकाशावर हाताने ठेवावे लागतात. दुसरं काम रंगांचं. चौकटीतल्या शेकडो ताऱ्यांचे रंग 'गाया' या अवकाश दुर्बिणीने मोजून ठेवले आहेत. सॉफ्टवेअर माझ्या चित्रातले तारे त्या यादीशी ताडून लाल-हिरवा-निळा यांचं प्रमाण बसवतं. म्हणजे रंग माझ्या आवडीने ठरत नाही. साध्या डीएसएलआरच्या सेन्सरपुढचा फिल्टर हायड्रोजनचा बराचसा लाल प्रकाश अडवतो, म्हणून मी तो काढून घेतला आहे. पण एम ४२ इतका तेजस्वी आहे की फिल्टर असतानाही सुरुवात करता येते.

हबलच्या १९९५ च्या गाजलेल्या गरुड तेजोमेघाच्या चित्रात हायड्रोजन हिरवा, गंधक लाल आणि ऑक्सिजन निळा दाखवला आहे. कारण हायड्रोजन आणि गंधक दोन्ही खरे लालच, शेजारी ठेवले तर वेगळे ओळखूच येणार नाहीत. तो नकाशा आहे, कोणता वायू कुठे हे सांगणारा. नकाशा म्हणून सांगितलं तर त्यात काही गैर नाही.

आता पाहुण्यांच्या प्रश्नाकडे. हल्ली चित्र धारदार करणारी, रवाळपणा पुसणारी अशी साधनं आली आहेत की ती नसलेले धागेदोरेही रेखून देतात. त्यामुळे मी एक कसोटी कायम लावतो. १२० फोटोंचे दोन भाग करायचे, पहिले ६० आणि नंतरचे ६०. दोन्हींचे वेगळे स्टॅक, दोन्हींवर तंतोतंत तेच संस्कार. मग दोन्ही चित्रं आलटूनपालटून पाहायची. जे दोन्हींत त्याच जागी, त्याच आकाराचं आहे ते आकाशातलं. एकातच आहे ते डळमळाट, नाहीतर दिव्यांचा उजेड, कारण तासाभरात मृग सरकतो आणि शहराचा उजेड वेगळ्या कोपऱ्यावर पडतो. फक्त कॅमेऱ्याला चिकटलेले दोष दोन्हींत उतरू शकतात. त्यांच्यासाठी दुसऱ्या रात्री कॅमेरा ९० अंशांत फिरवून पुन्हा फोटो घ्यायचे.

भिंतीवरच्या चित्रात वरच्या कोपऱ्यात एक सुंदर जांभळट झाक होती. ती नंतरच्या ६० फोटोंत नव्हती, म्हणून काढली. एम ४२ च्या डावीकडे मात्र धुळीची एक करडी, जेमतेम दिसणारी पट्टी आहे. ती दोन्ही भागांत होती, आणि महिन्याभराने कॅमेरा फिरवून घेतलेल्या फोटोंतही तिथेच होती. प्रश्न विचारणाऱ्या पाहुण्याला मी भिंतीजवळ नेतो आणि त्या पट्टीवर बोट ठेवतो.